श्राव्यातीत ध्वनिचिकित्सा, पशूंची

श्राव्यातीत ध्वनिचिकित्सा, पशूंची : मानवी कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या वरच्या मर्यादेहून (सु. २०,००० हर्ट्‌झ) अधिक कंप्रता असलेल्या ध्वनितरंगांचा उपयोग करून पशूंच्या स्नायू, कंडरा, अस्थिबंध व सांधे यांच्या इजांवर करण्यात येणारा उपचार. भौतिकी चिकित्सेच्या अनेक प्रकारांपैकी हा एक असून शर्यतीचे व सवारीचे घोडे, शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे, कामाचे कुत्रे आणि घरी पाळलेले कुत्रे व मांजरे यांच्यासाठी तो मुख्यत्वे वापरला जातो. उपचारासाठी साधारणपणे १ ते ३.३ मेगॅहर्ट्‌झ (१ मेगॅहर्ट्‌झ = १० लक्ष हर्ट्‌झ) कंप्रतेचे तरंग योजतात. कुत्र्याला सु. ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो व मांजराला त्याहूनही वरचा. तथापि उपचारातील कंप्रता या मर्यादांच्या कितीतरी पलीकडची असल्याने ती कोणत्याही पाळीव प्राण्याला ऐकू येत नाही.

श्राव्यातीत ध्वनीचे पशुवैद्यकात इतरही उपयोग आहेत. निदानासाठी शरीरातील भागांचे चित्र मिळविताना अतिशय अल्प सरासरी तीव्रतेचे तरंग वापरतात व ऊतकावर (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहावर) परिणाम होऊ नये अशी काळजी घेतात. चिकित्सेत याच्या उलट ऊतकावर परिणाम घडवून आणणे हाच हेतू असतो. दातांवरील कीटण काढण्याचे उपकरण व मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याचे उपकरण यांत कमी कंप्रतेचे, पण जोरदार कंपन वापरतात. घोड्यांच्या उपचारात प्रचलित असलेली झटका-तरंग चिकित्सा ही वेगळी पद्धती असून तीत अखंड तरंगांऐवजी अल्पकाळ टिकणारे उच्च दाबाचे आघात योजिले जातात. प्रस्तुत नोंदीत या इतर पद्धतींचा विचार केलेला नाही.

इतिहास : काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार निर्माण होतो, हा दाबविद्युत् परिणाम प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. याच्या उलट, स्फटिकाला प्रत्यावर्ती विद्युत् दाब दिला असता तो त्याच कंप्रतेने आकुंचन-प्रसरण पावतो. या गुणधर्माचा उपयोग करून पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांझव्हँ या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पाण्यात शक्तिमान श्राव्यातीत तरंग निर्माण केले. तरंगांच्या झोतात सापडलेले लहान मासे मरतात व पाण्यात हात धरल्यास वेदना होतात, हे या प्रयोगांत प्रथम लक्षात आले. १९२७ मध्ये आर. डब्ल्यू. वुड व ए. एल. लूमिस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी श्राव्यातीत तरंगांच्या भौतिक व जैव परिणामांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. जे तरंग ऊतकांचा नाश करू शकतात, ते अल्प मात्रेत उपकारकही ठरू शकतील, या विचारातून रायमार पोलमान यांनी जर्मनीत १९३०–४० या दशकाच्या अखेरीस मानवी रुग्णांवर उपचार सुरू केले. १९४९ मध्ये एर्लांगेन येथे भरलेल्या परिषदेनंतर यूरोपात या चिकित्सेचा झपाट्याने प्रसार झाला आणि मानवी वैद्यकातून ती पशुवैद्यकात आली.

मेरी डायसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये लंडन येथे सशांच्या कानांवर केलेले प्रयोग या विषयात महत्त्वाचे ठरले. कानाच्या पाळीला पाडलेली छिद्रे स्पंदित श्राव्यातीत तरंगांचा उपचार केल्यास अधिक वेगाने भरून येतात, असे त्यांना आढळले. ऊतक फारसे तापत नसतानाही हा परिणाम दिसल्यामुळे या तरंगांची क्रिया केवळ उष्णतेमुळे होत नसावी, या कल्पनेला आधार मिळाला.

भौतिक तत्त्वे : मऊ ऊतकांत ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,५४० मी. असतो. त्यामुळे १ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सु. १.५ मिमी. व ३ मेगॅहर्ट्‌झच्या तरंगाची सु. ०.५ मिमी. भरते. तरंग ऊतकातून जाताना त्याच्या ऊर्जेचा काही भाग शोषला जाऊन तिचे उष्णतेत रूपांतर होते. कंप्रता जितकी जास्त तितके शोषण अधिक व तरंग पोहोचण्याची खोली कमी. म्हणून त्वचेखाली साधारण २ ते ३ सेंमी.पर्यंतच्या भागासाठी ३ मेगॅहर्ट्‌झ, तर त्याखाली सु. ५ सेंमी.पर्यंतच्या भागासाठी १ मेगॅहर्ट्‌झ कंप्रता निवडतात. तीव्रता सारखीच ठेवल्यास ३ मेगॅहर्ट्‌झचे तरंग वरच्या स्तरातील ऊतक १ मेगॅहर्ट्‌झच्या तरंगांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने तापवितात.

शोषण हे ऊतकाच्या घटकांवरही अवलंबून असते. पाणी व चरबी यांत ते कमी, स्नायूंत मध्यम आणि कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे प्रमाण अधिक असलेल्या कंडरा, अस्थिबंध व सांध्यांच्या आवरणांत जास्त असते. सर्वांत जास्त शोषण अस्थीत होते. शेकण्याच्या इतर प्रकारांत उष्णता प्रथम त्वचेला व तिच्याखालील चरबीला मिळते आणि आतील भागापर्यंत फार थोडी पोहोचते. श्राव्यातीत तरंग मात्र चरबीतून फारशी ऊर्जा न गमावता पुढे जातात व ज्या कोलॅजेनयुक्त ऊतकांना खेळात व शर्यतीत वारंवार इजा होते, त्यांतच अधिक शोषले जातात. या चिकित्सेचे वैशिष्ट्य व तिच्या दीर्घकाळच्या लोकप्रियतेचे कारण हेच होय.

दोन माध्यमांचे ध्वनिसंरोध (तरंगाच्या प्रसारणास माध्यमाकडून होणारा विरोध) जितके भिन्न, तितके त्यांच्या सीमेवर परावर्तन अधिक होते. हवा व त्वचा यांच्या सीमेवर ९९.९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा परत फिरते. म्हणून उपकरण आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही राहू देता येत नाही. मऊ ऊतक व अस्थी यांच्या सीमेवरही बरेच परावर्तन होते. येणारे व परत फिरलेले तरंग एकमेकांवर पडून अस्थीलगतच्या भागात ऊर्जेचे केंद्रीकरण होते आणि अस्थीवरील संवेदनाक्षम आवरण (पर्यस्थी) एकाएकी तापून तीव्र वेदना होऊ शकते.

उपकरण व मात्रा : उपकरणात उच्च कंप्रतेचा विद्युत् प्रवाह निर्माण करणारा भाग व हातात धरावयाचे उपचारशीर्ष असे दोन भाग असतात. उपचारशीर्षात दाबविद्युत् गुणधर्माची मृत्तिका पदार्थाची चकती बसविलेली असून तिच्या कंपनांतून तरंग बाहेर पडतात. शीर्षाच्या पृष्ठाचा सर्वच भाग सारख्या प्रमाणात तरंग देत नाही. प्रत्यक्ष तरंग देणाऱ्या भागाला परिणामी उत्सर्जन क्षेत्रफळ म्हणतात आणि ते पृष्ठाच्या क्षेत्रफळापेक्षा कमी असते. झोतातील सर्वोच्च तीव्रतेचे सरासरी तीव्रतेशी असलेले गुणोत्तर हा उपकरणाच्या दर्जाचा दुसरा निकष होय. हे गुणोत्तर ५ ते ६ पेक्षा अधिक असल्यास झोतात अतितप्त बिंदू निर्माण होतात.

मात्रा ठरविताना कंप्रता, तीव्रता, तरंग देण्याची रीत, कालावधी व उपचारित भागाचे क्षेत्रफळ या पाच गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. तीव्रता दर चौ.सेंमी.ला वॉटमध्ये मोजतात व ती बहुधा ०.५ ते २ वॉटच्या दरम्यान ठेवतात; ३ वॉट ही वरची मर्यादा मानली जाते. तरंग सलगपणे दिल्यास अखंड व मधूनमधून खंड पाडून दिल्यास स्पंदित रीत म्हणतात. स्पंदित रीतीत सामान्यतः २ मिलिसेकंद तरंग व ८ मिलिसेकंद विराम असे आवर्तन असते. म्हणजेच तरंग एकूण वेळेच्या २० टक्केच दिले जातात व उष्णता फारशी साचत नाही.

क्षेत्रफळाचे महत्त्व पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. परिणामी उत्सर्जन क्षेत्रफळ ५ चौ.सेंमी. असलेले शीर्ष १ वॉट/चौ.सेंमी. तीव्रतेवर ५ मिनिटे चालविल्यास एकूण १,५०० जूल ऊर्जा बाहेर पडते. शीर्ष त्याच्या दुप्पट, म्हणजे १० चौ.सेंमी. भागावर फिरविल्यास दर चौ.सेंमी.ला १५० जूल ऊर्जा मिळते. तेच शीर्ष तितकाच वेळ ४० चौ.सेंमी. भागावर फिरविल्यास दर चौ.सेंमी.ला केवळ ३७.५ जूल ऊर्जा मिळते आणि अपेक्षित तापमानवाढ होत नाही. म्हणून एका वेळी शीर्षाच्या परिणामी क्षेत्रफळाच्या सु. दुपटीएवढाच भाग घ्यावा, असा नियम आहे. घोड्याची संपूर्ण पाठ काही मिनिटांत ‘शेकून’ काढण्याच्या प्रघाताला म्हणूनच शास्त्रीय आधार नाही.

ऊतकांवरील परिणाम : हे परिणाम उष्णताजन्य व इतर असे दोन प्रकारचे मानले जातात. ऊतकाचे तापमान ४०° ते ४५° से. पर्यंत काही मिनिटे राहिल्यास त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो, स्नायूंची आचके सैल होतात, वेदना कमी होते व कोलॅजेन तंतूंची ताणले जाण्याची क्षमता वाढते. आखडलेला सांधा किंवा आक्रसलेला स्नायू ताणावयाचा असल्यास तो उपचार चालू असताना किंवा उपचारानंतर काही मिनिटांतच ताणावा लागतो, कारण ऊतक लवकर निवते. तापमान ४५° से. च्या वर गेल्यास ऊतकांना इजा होण्याचा धोका असतो.

दुसऱ्या प्रकारात तरंगांच्या दाबामुळे द्रवात निर्माण होणारे सूक्ष्म प्रवाह व वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांचे स्थिर स्पंदन यांचा समावेश होतो. यांमुळे कोशिकापटलांची पारगम्यता बदलते, कॅल्शियम आयनांचे वहन वाढते आणि तंतुजनक कोशिकांकडून होणारी प्रथिननिर्मिती उत्तेजित होते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे. तीव्रता फार वाढल्यास मात्र बुडबुडे कोसळून कोशिका फाटतात. शीर्ष एका जागी स्थिर धरल्यास स्थिर तरंग निर्माण होऊन केशवाहिन्यांतील रक्तकोशिका ठरावीक अंतरावर पट्ट्यांच्या रूपात थांबून राहतात, असे कोंबडीच्या भ्रूणांवरील प्रयोगांत दिसून आले. शीर्ष सतत फिरते ठेवण्याच्या नियमामागे हेही एक कारण आहे.

पशूंमधील मापने : मानवासाठी ठरविलेली मात्रा पशूंना जशीच्या तशी लागू पडत नाही. पहिली अडचण केसांची असते. केसांमध्ये अडकलेली हवा तरंग परावर्तित करते व केस स्वतःही ऊर्जा शोषतात. केस न कापता भरपूर जेल लावून उपचार केल्यास स्नायू जवळजवळ तापत नाही, उलट केसांचा थर मात्र गरम होतो, असे अमेरिकेत कुत्र्यांवर केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. प्रदर्शनात भाग घेणाऱ्या कुत्र्याचे वा घोड्याचे केस कापू देण्यास मालक बहुधा नाखूष असतो. पण केस राखून केलेला उपचार म्हणजे बव्हंशी उपचाराचा आभासच होय.

केस कापलेल्या कुत्र्यांच्या मांडीच्या मागील स्नायूंत सूक्ष्म तापमापक घालून केलेली मापने २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ३.३ मेगॅहर्ट्‌झ कंप्रता व १ वॉट/चौ.सेंमी. तीव्रता ठेवून १० मिनिटे उपचार केल्यावर १ सेंमी. खोलीवर सु. ३° से. व ३ सेंमी. खोलीवर सु. १.६° से. तापमानवाढ झाली. तीव्रता १.५ वॉट केल्यावर हीच वाढ अनुक्रमे सु. ४.६° व २.४° से. झाली. उपचार थांबविल्यावर सु. १० मिनिटांत तापमान पूर्ववत झाले.

घोड्यांवरील अशाच मापनांत (२०१३) पुढच्या पायाची उथळ आकुंचक कंडरा १० मिनिटांत १ वॉट तीव्रतेला सु. ३.५° से. व १.५ वॉटला सु. ५° से. तापली. पाठीच्या जाड स्नायूंत मात्र २० मिनिटे उपचार करूनही १ सेंमी. खोलीवर एक-सव्वा अंशाची व ४ ते ८ सेंमी. खोलीवर एका अंशाहूनही कमी वाढ दिसून आली. यावरून एकाच प्राण्याच्या शरीरात ही चिकित्सा कंडरेसाठी योग्य, तर पाठीसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरू शकते, हे स्पष्ट होते.

उपयोग : (अ) घोडा : घोड्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, तेथे नळीच्या हाडामागून लांब कंडरा जातात. भरधाव धावताना शरीराचा भार पडून उथळ आकुंचक कंडरा स्प्रिंगप्रमाणे ताणली जाते व तिच्यावरील ताण तुटण्याच्या मर्यादेच्या जवळ पोहोचतो. पुनःपुन्हा ताणल्या गेल्याने तिच्या गाभ्यात उष्णता साचते. दौडीच्या वेळी गाभ्याचे तापमान सु. ४५° से. पर्यंत चढते, असे ब्रिटनमधील मापनांत (१९९४) आढळले आहे. अशा कंडरेचे तंतू तुटले म्हणजे पायाच्या मागील भाग फुगून धनुष्यासारखा दिसतो व घोडा लंगडतो.

भरून येताना कंडरेत प्रथम बारीक व अव्यवस्थित कोलॅजेन तंतूंचा व्रण तयार होतो. त्यांची जागा हळूहळू जाड व भाराच्या दिशेने रचलेले तंतू घेतात. या क्रियेला ९ ते १२ महिने व पुष्कळदा त्याहून अधिक काळ लागतो आणि त्यानंतरही व्रण मूळ कंडरेइतका लवचिक होत नाही. पहिल्या २–३ दिवसांत, म्हणजे रक्तस्राव व शोथ चालू असताना, थंड पाण्याची वा बर्फाची पट्टी, दाबपट्टी व विश्रांती हेच उपचार योग्य असतात. या काळात अखंड रीतीने उष्णता दिल्यास रक्तस्राव व सूज वाढतात. त्यानंतर कमी तीव्रतेची (सु. ०.५ वॉट/चौ.सेंमी.) स्पंदित रीत व पुढे जुन्या, घट्ट झालेल्या व्रणासाठी अखंड रीत योजतात. उपचाराबरोबर हाताने धरून चालविण्याचा क्रमशः वाढता व्यायाम आणि दर काही आठवड्यांनी निदानात्मक श्राव्यातीत चित्रणाने कंडरेची तपासणी आवश्यक असते.

(आ) कुत्रा : ग्रेहाउंड शर्यतीत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावतात. वळणावर शरीराचा भार विशिष्ट पायांवर पडल्याने मांडीच्या आतील बाजूचा स्नायू फाटणे व उजव्या मागील पायाच्या घोट्याची हाडे मोडणे या इजा त्यांच्यात वारंवार आढळतात. फाटलेल्या स्नायूची सूज ओसरल्यावर व्रण आक्रसू नये म्हणून तरंगचिकित्सा व तिच्या जोडीने हलके ताण देणे, असा क्रम ठेवतात. घरगुती कुत्र्यांत खांद्याजवळील कंडरांचे जुनाट विकार, दीर्घकाळ पट्टीत ठेवल्याने आखडलेले सांधे, शस्त्रक्रियेनंतरचे व्रण व वृद्धापकाळातील संधिविकारांत स्नायूंना येणारी ताठरता यांसाठी ही चिकित्सा वापरतात. लुधियाना (पंजाब) येथे पाच कुत्र्यांच्या कापलेल्या टाचेच्या कंडरांवर केलेला प्राथमिक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार केलेल्या कंडरा अधिक चांगल्या प्रकारे जुळून आल्याचे दिसले. मात्र प्राण्यांची संख्या अल्प असल्याने त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही.

(इ) बैल : महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना अनुमती देणारी कायद्यातील दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरविली, त्यामुळे शर्यतीच्या बैलांच्या इजांचा प्रश्नही पशुवैद्यांपुढे आहे. बैलाची कातडी घोड्याच्या कातडीपेक्षा जाड असल्याने घोड्यासाठीची मात्रा त्याला तशीच लागू करणे योग्य नव्हे. कंडरेच्या ताज्या इजेवर विश्रांती हाच बैलाच्या बाबतीतही पहिला उपचार होय.

उपचारपद्धती : प्रथम इजेचे नेमके स्थान व स्वरूप निश्चित करतात. त्या भागावरील केस कापून त्वचा स्वच्छ करतात व पुरेसे जेल लावतात. उपचारशीर्ष त्वचेला पूर्ण टेकवून सेकंदाला सु. ४ सेंमी. वेगाने, एकमेकांवर येणाऱ्या वर्तुळांत वा पट्ट्यांत फिरवितात. कालावधी बहुधा ५ ते १० मिनिटे असतो. आरंभी रोज वा एक दिवसाआड आणि पुढे आठवड्यातून दोन-तीनदा असे काही आठवडे उपचार करतात. पंजा, घोटा यांसारख्या उंचसखल भागासाठी पाय पाण्याच्या भांड्यात बुडवून शीर्ष त्वचेपासून थोड्या अंतरावर फिरविता येते. अशा वेळी त्वचेवर जमणारे हवेचे बुडबुडे पुसून काढावे लागतात. जेलमध्ये औषध मिसळून ते तरंगांच्या साहाय्याने आत पोहोचविण्याची पद्धतीही आहे. परंतु पुष्कळशी घट्ट मलमे तरंग पुढे जाऊच देत नाहीत. शिवाय औषध रक्तात शोषले गेल्यास स्पर्धेतील उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीत ते सापडू शकते.

मानवी रुग्ण चटका बसताच तसे सांगतो; पशूला ते सांगता येत नाही. पाय आखडून घेणे, त्वचा थरथरविणे, कान मागे टाकणे, मागे वळून पाहणे, चाटण्याचा वा चावण्याचा प्रयत्न करणे या खुणा दिसताच तीव्रता कमी करावी लागते. म्हणून गुंगीचे औषध दिलेल्या किंवा तो भाग बधिर केलेल्या प्राण्यावर उष्णताजन्य मात्रा देणे धोक्याचे असते. उपचारापूर्वी त्या भागावर बर्फ लावल्यासही संवेदना मंदावते. उपकरणाच्या तबकडीवर दिसणारी तीव्रता व प्रत्यक्ष बाहेर पडणारी तीव्रता यांत कालांतराने फरक पडत असल्याने वर्षातून किमान एकदा त्याचे अंशनिर्धारण करून घेणे आवश्यक आहे.

अस्थिभंगावरील उपचार : यासाठी निराळी, अत्यंत कमी तीव्रतेची स्पंदित रीत वापरतात. तीत १.५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रता व सरासरी ३० मिलिवॉट/चौ.सेंमी. तीव्रता ठेवून रोज २० मिनिटे उपचार करतात. अमेरिकेत मानवी रुग्णांच्या ताज्या अस्थिभंगांसाठी या उपकरणाला १९९४ मध्ये व न जुळलेल्या अस्थिभंगांसाठी २००० मध्ये मान्यता मिळाली. तथापि पायाच्या नळीच्या अस्थिभंगाच्या सु. ५०० रुग्णांवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या व आभासी उपचारांच्या परिणामांत फरक आढळला नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत हाड कापून बसविलेल्या कुत्र्यांवरील २०१८ च्या चाचणीतही क्ष-किरण चित्रांत हाड लवकर जुळल्याचे दिसून आले नाही.

निषिद्ध परिस्थिती : अर्बुद (शरीरात झालेली कोशिकांची अस्वाभाविक गाठ) असलेल्या जागी हा उपचार करू नये. उंदरांवरील एका प्रयोगात (१९९५) अखंड तरंगांमुळे अर्बुदांची वाढ अधिक झाल्याचे आढळले आहे. वृद्ध कुत्र्याच्या लंगडण्याचे कारण काही वेळा अस्थीचे अर्बुद हे असते. त्यामुळे निदानाविना केलेला उपचार विशेष घातक ठरतो. डोळे, हृदयाचा भाग, वृषणे, गाभण मादीचे उदर, पाठीच्या कण्याची अस्थिकमान काढलेल्या जागी उघडा पडलेला मज्जारज्जू, संसर्गयुक्त जखमा, ताजा रक्तस्राव, रक्तपुरवठा खुंटलेला वा संवेदना गेलेला भाग यांवरही तो वर्ज्य आहे. वाढत्या वयाच्या पिलांत व शिंगरांत अस्थींच्या टोकांजवळील वाढीच्या उपास्थिस्तरांवर उष्णताजन्य मात्रा देत नाहीत. अस्थींत धातूच्या पट्ट्या वा खिळे असल्यास परावर्तन विचारात घेऊन मात्रा कमी ठेवतात.

परिणामकारकता : या चिकित्सेच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. तरंग ऊतकात पोहोचून ते तापवितात काय, हा पहिला प्रश्न असून योग्य मात्रा दिल्यास त्याचे उत्तर मापनांनी होकारार्थी दिले आहे. त्यामुळे इजा लवकर व अधिक चांगली बरी होते काय, हा दुसरा प्रश्न असून त्याचे उत्तर तितके निश्चित नाही. मानवी रुग्णांवरील ३५ चाचण्यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात केवळ १० चाचण्यांची पद्धती समाधानकारक ठरली व त्यांपैकी दोनच चाचण्यांत हा उपचार आभासी उपचारापेक्षा सरस आढळला. पशूंवरील चाचण्या याहून थोड्या व लहान आहेत. विश्रांतीने आपोआप बऱ्या होणाऱ्या इजांचे श्रेय उपचाराला दिले जाण्याचा संभवही मोठा असतो. म्हणून ही चिकित्सा स्वतंत्र उपचार म्हणून नव्हे, तर विश्रांती, नियंत्रित व्यायाम व ताण देणे यांना पूरक म्हणूनच योजावी, असे तज्ञांचे मत आहे.

वेदनाशमन हा या चिकित्सेचा लाभ असला, तरी क्रीडापशूंच्या बाबतीत त्यातूनच एक गंभीर प्रश्न उद्भवतो. वेदना थांबल्यावर घोडा वा कुत्रा लंगडत नाही आणि मालक व शिक्षक यांना तो बरा झाल्यासारखा वाटतो. कंडरेतील तंतूंची पुनर्रचना मात्र कित्येक महिने अपुरी असते. अशा अवस्थेत शर्यतीत उतरविलेल्या घोड्याची कंडरा पूर्णपणे तुटू शकते. अशी इजा पुष्कळदा त्याच्या शर्यतीतील आयुष्याचा व काही वेळा त्याच्या प्राणांचाही शेवट करते. घोडेस्वाराच्या जिवालाही तिच्यामुळे धोका असतो. वेदनाशामक परिणाम दीर्घकाळ टिकणाऱ्या झटका-तरंग चिकित्सेनंतर ठरावीक दिवस शर्यतीत भाग घेण्यास अनेक नियामक संस्थांनी बंदी घातली आहे, ती याच कारणासाठी.

भारतात पशुवैद्यकाच्या व्यवसायाचे नियमन भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये होते. मुंबईतील महालक्ष्मी व पुणे येथील घोडशर्यतींमुळे महाराष्ट्रात घोड्यांच्या कंडरांच्या इजा पशुवैद्यांच्या नित्य परिचयाच्या आहेत. श्राव्यातीत चिकित्सेची उपकरणे आकाराने लहान व तुलनेने स्वस्त असल्याने ती पशुवैद्याच्या देखरेखीविना तबेल्यांत व घरांतही वापरली जाण्याची शक्यता असते. निदान, योग्य मात्रा व प्राण्याच्या खुणांकडे लक्ष या तिन्ही गोष्टी असतील तरच या उपकरणाचा उपयोग आहे. कंडरा भरून येण्यास निसर्गतः लागणारा काळ त्यामुळे टळत नाही आणि प्राणी पुन्हा धावण्यास योग्य झाला की नाही, याचा निर्णय त्याच्या चालीवरून नव्हे, तर कंडरेच्या प्रत्यक्ष तपासणीवरूनच करावा लागतो.